ओपनस्ट्रीटमॅपची विदा ऑफलाइन वापरासाठी उतरवणे

ओपनस्ट्रीटमॅपची विदा ऑफलाइन वापरासाठी उतरवणे म्हणजे ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशा प्रकल्पातील रस्ते, पायवाटा, पाणवठे, इमारती, गावे इत्यादींच्या मूळ नोंदी आपल्या संगणकावर आणून त्या आंतरजालाच्या जोडणीविना वापरता येतील अशा रूपात साठवणे होय. हे काम बहुधा कमांड लाइनवरून, म्हणजे टर्मिनलच्या खिडकीत अक्षरी आज्ञा टंकून केले जाते. मोठी फाइल अर्ध्यात तुटली तर तेथूनच पुढे उतरवणे, तेच काम दर आठवड्याला आपोआप करून घेणे आणि पडदा नसलेल्या दूरच्या सर्व्हरवरही ते चालवणे या गोष्टी कमांड लाइनमुळे सुकर होतात. आज्ञा टर्मिनलमध्ये रोमन लिपीतच टंकाव्या लागतात. या लेखात त्यांचे उच्चार देवनागरीत दिले आहेत.

ऑफलाइन नकाशा हवा असणाऱ्यांची पहिली धाव अनेकदा चुकीच्या दिशेने जाते. पडद्यावर दिसणारी नकाशाची चित्रे एकेक करून गोळा करणे आणि ज्या नोंदींवरून ती चित्रे काढली जातात त्या नोंदी उतरवून घेणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम संथ, जागा खाणारे व ओपनस्ट्रीटमॅपच्या सर्व्हरवर निषिद्ध आहे. दुसऱ्यासाठी प्रकल्पाने आणि त्याच्या सहयोगी संस्थांनी मुद्दाम सोय करून ठेवलेली आहे.

पार्श्वभूमी

ओपनस्ट्रीटमॅपची सुरुवात स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये इंग्लंडमध्ये केली. तेथील शासकीय सर्वेक्षण संस्थेची विदा सर्वसामान्यांना मुक्तपणे वापरता येत नव्हती. त्यावर उपाय म्हणून लोकांनी स्वतः फिरून, जीपीएसच्या साहाय्याने नकाशा तयार करावा अशी ही कल्पना होती. प्रकल्पाचे सर्व्हर, निधी व कायदेशीर बाबी सांभाळणारे ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशन २००६ मध्ये स्थापन झाले. संपूर्ण नकाशाची मूळ विदा कोणालाही उतरवता येणे हे या प्रकल्पाचे पहिल्यापासूनचे वैशिष्ट्य आहे. पुष्कळ व्यापारी नकाशासेवांत ग्राहकाला केवळ चित्र किंवा ठरावीक उत्तर मिळते, त्यामागची नोंद मिळत नाही.

या सोयीचे महत्त्व १२ जानेवारी २०१० रोजी हैतीत झालेल्या भूकंपानंतर विशेष जाणवले. पोर्ट-ओ-प्रिन्स या राजधानीचा ओपनस्ट्रीटमॅपवरील नकाशा तोपर्यंत विरळ होता. उपग्रहीय छायाचित्रे खुली झाल्यावर जगभरच्या स्वयंसेवकांनी काही दिवसांत तेथील रस्ते व इमारती रेखाटल्या. परंतु ज्या शहरातील दळणवळण कोलमडले आहे तेथे संकेतस्थळावरील नकाशाचा उपयोग मर्यादितच असतो. ती विदा उतरवून, तिचे रूपांतर करून, शोध व बचाव पथकांच्या हातातील गार्मिन उपकरणांत भरली गेली तेव्हाच ती ढिगाऱ्यांपर्यंत पोहोचली. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळमध्ये झालेल्या भूकंपानंतरही स्वयंसेवकांनी भर घातलेली विदा ऑफलाइन नकाशांच्या रूपात मदतकार्यासाठी सतत नव्याने उपलब्ध करून दिली जात होती.

चित्र आणि विदा

संकेतस्थळावरचा नकाशा चौकोनी चित्रांचा बनलेला असतो. या चौकोनांना टाइल म्हणतात. झूमची पातळी शून्य असताना सारे जग एकाच टाइलमध्ये मावते. पुढच्या प्रत्येक पातळीवर एका टाइलच्या चार होतात, त्यामुळे अठराव्या पातळीवर जगाच्या टाइलची संख्या ६,८७१ कोटींच्या पुढे जाते.

या चौपटीचा परिणाम एका लहानशा प्रदेशावरूनही लक्षात येतो. अहिल्यानगर, पुणे व ठाणे जिल्ह्यांच्या सीमेलगत असलेल्या हरिश्चंद्रगडाभोवती ७३.७० ते ७३.९० पूर्व रेखांश आणि १९.३३ ते १९.४५ उत्तर अक्षांश अशी चौकट आखली, तर ती सुमारे २१ किलोमीटर रुंद व १३ किलोमीटर उंच भरते. एवढ्या भागासाठी सतराव्या पातळीवर सुमारे ३,४०० आणि अठराव्या पातळीवर सुमारे १३,५०० टाइल लागतात. संपूर्ण महाराष्ट्राचा हिशेब केला तर एकट्या अठराव्या पातळीवर ही संख्या दीड कोटीच्या घरात जाते. एवढे करूनही हाती येतात ती निव्वळ चित्रे. त्यांत टाक्याचे नाव शोधता येत नाही, मार्ग काढता येत नाही, आणि अक्षरांची लिपीही बदलता येत नाही.

ओपनस्ट्रीटमॅपचे टाइल सर्व्हर देणग्यांवर व स्वयंसेवकांच्या श्रमावर चालतात. म्हणून त्यांच्या वापरधोरणात ऑफलाइन साठवणीसाठी टाइल मोठ्या प्रमाणावर उतरवण्यास मनाई आहे. आपली ओळख न सांगणाऱ्या किंवा दुसऱ्याच ॲपची ओळख सांगणाऱ्या आज्ञावलींचा प्रवेश रोखला जातो. हे बंधन विदेच्या मुक्ततेशी विसंगत आहे अशी तक्रार कधीकधी होते; पण मुक्त आहे ती विदा, तिची चित्रे काढून देणारे यंत्र नव्हे.

विदेचे स्वरूप

ओपनस्ट्रीटमॅपची सारी विदा तीन प्रकारच्या घटकांची असते. पहिला घटक बिंदू. त्याला अक्षांश व रेखांश असतात. दुसरा रेषा, ती बिंदूंची क्रमवार यादी असते आणि रस्ता, ओढा किंवा तलावाचा काठ दाखवते. तिसरा संबंध, तो बिंदू, रेषा आणि अन्य संबंध यांना एकत्र बांधतो, उदाहरणार्थ जिल्ह्याची सीमा किंवा बसमार्ग. या घटकांना टॅग लावता येतात. टॅग म्हणजे गुणधर्माचे नाव व त्याचे मूल्य यांची जोडी.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे: रेषेच्या नोंदीत स्वतःचे अक्षांश-रेखांश नसतात, केवळ बिंदूंचे क्रमांक असतात. विदेचा तुकडा कापताना होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ यातच आहे.

ही विदा मुळात एक्सएमएल या वाचनीय पण अतिशय फुगीर स्वरूपात दिली जात असे. आता मुख्यतः पीबीएफ हे द्विमान स्वरूप वापरले जाते. ते २०१०च्या सुमारास प्रचारात आले. त्यात एकच शब्द पुन्हापुन्हा न लिहिता शब्दसूचीतील त्याचा क्रमांक लिहितात, शेजारच्या बिंदूंमधील केवळ फरक नोंदवतात आणि मग सर्व संकुचित करतात. अक्षांश-रेखांश दशांश चिन्हानंतर सात स्थळांपर्यंत राखले जातात. जमिनीवर ही अचूकता सुमारे एक सेंटिमीटरची होते, अर्थात नोंद करणाऱ्याच्या जीपीएसची अचूकता तिच्या जवळपासही नसते.

फाइल कोठून घ्यावी

संपूर्ण जगाची फाइल प्लॅनेट या नावाने दर आठवड्याला प्रसिद्ध होते. २०२५च्या सुमारास पीबीएफ स्वरूपात तिचा आकार ८० जीबीच्या आसपास होता. एखाद्या जिल्ह्यासाठी ती उतरवणे म्हणजे एका पानासाठी ग्रंथालय उचलून आणण्यासारखे आहे.

सर्वसाधारण वापरासाठी प्रादेशिक तुकडे घेतात. जर्मनीतील कार्ल्सरूहे येथील जिओफाब्रिक ही कंपनी खंड, देश व त्यांचे उपविभाग यांच्या फाइली रोज नव्याने तयार करून विनामूल्य देते. तेथे भारताची एकत्र फाइल एका जीबीहून मोठी आहे. तिचे सहा विभागही मिळतात: उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम, मध्य व ईशान्य. महाराष्ट्र आणि गोवा गुजरातसह पश्चिम विभागात मोडतात. राज्यवार फाइल तेथे नाही. महाराष्ट्र वेगळा हवा असल्यास तो पश्चिम विभागातून स्वतः कापून घ्यावा लागतो. निवडक शहरांसाठी किंवा स्वतः आखलेल्या चौकटीसाठी बीबीबाइक ही सेवा उपयोगी पडते. आपत्ती निवारणाच्या कामासाठी ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम या संस्थेचे निर्यात साधन आहे. त्यातून विदा उपकरणांसाठी तयार रूपात मिळते.

जिओफाब्रिकच्या सार्वजनिक फाइलींतून नोंद करणाऱ्यांची सदस्यनावे व बदलसंचांचे क्रमांक २०१८ पासून वगळले जातात. युरोपीय संघाच्या गोपनीयता नियमांमुळे हा बदल झाला. नकाशा म्हणून वापर करणाऱ्याचे त्यामुळे काही अडत नाही.

उतरवण्याची क्रिया

फाइल उतरवण्यासाठी डब्ल्यूगेट व कर्ल ही दोन साधने सर्वांत प्रचलित आहेत. दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर असून लिनक्सच्या बहुतेक वितरणांत सहज मिळतात. डब्ल्यूगेटला फाइलचा पत्ता दिला की काम सुरू होते. जोडणी तुटल्यास तीच आज्ञा कंटिन्यू या पर्यायासह पुन्हा दिली, की आधी आलेला भाग तसाच राहून पुढचा उतरू लागतो. ग्रामीण भागातील अनियमित जोडणीवर किंवा मोबाइलच्या मोजक्या विदेवर एक जीबीची फाइल याच पर्यायाच्या जोरावर उतरवता येते.

यात एक सापळा आहे. जिओफाब्रिकवर प्रत्येक प्रदेशाची ताजी फाइल लेटेस्ट हा शब्द असलेल्या पत्त्यावर मिळते. तो पत्ता प्रत्यक्षात त्या दिवसाची तारीख नावात असलेल्या फाइलकडे वळवला जातो. सोमवारी अर्धी उतरलेली फाइल मंगळवारी याच पत्त्यावरून पुढे सुरू केली, तर पहिला अर्धा भाग जुन्या फाइलचा व दुसरा नव्या फाइलचा असे कडबोळे तयार होते. आकार जवळपास बरोबर दिसतो, त्रुटीसंदेशही येत नाही. बिघाड कळतो तो फाइल वापरायला घेतल्यावर. म्हणून टप्प्याटप्प्याने उतरवायचे असल्यास तारीख असलेल्या नावाचाच पत्ता द्यावा.

कर्लच्या बाबतीत वेगळी अडचण येते. वळवलेला पत्ता डब्ल्यूगेट आपोआप अनुसरतो, कर्ल मात्र लोकेशन हा पर्याय दिल्याखेरीज तसे करत नाही. तो पर्याय विसरल्यास शेकडो एमबीच्या जागी काहीशे बाइटची फाइल हाती येते. ती नकाशा नसून पत्ता बदलल्याचे सांगणारे पान असते.

उतरलेली फाइल अखंड आहे की नाही हे एमडी५ या तपासबेरजेने पाहतात. प्रत्येक फाइलसोबत जिओफाब्रिक ही बेरीज वेगळ्या छोट्या फाइलमध्ये देते. संगणकावर काढलेली बेरीज तिच्याशी जुळली, तरच फाइल पुढच्या कामासाठी घ्यावी. हा टप्पा कंटाळवाणा वाटल्यामुळे पुष्कळदा गाळला जातो. डोंगरात पोहोचल्यावर नकाशा उघडत नाही असे कळण्यापेक्षा तो घरीच पार पाडणे सोयीचे असते.

हवा तेवढा तुकडा कापणे

पीबीएफ फाइलींवर काम करण्यासाठी ऑस्मियम हे कमांड लाइन साधन सर्वाधिक वापरले जाते. जिओफाब्रिकच्या संस्थापकांपैकी एक असलेले योखेन टोफ यांनी ते विकसित केले. ऑस्मोसिस व ऑस्मकन्व्हर्ट ही अधिक जुनी साधने आजही काही ठिकाणी चालतात.

ऑस्मियमची फाइलइन्फो ही उपआज्ञा फाइलची व्याप्ती, तिच्यातील घटकांची संख्या आणि विदा कोणत्या क्षणापर्यंतची आहे हे सांगते. एक्स्ट्रॅक्ट ही उपआज्ञा तुकडा कापते. तिला चौकट चार संख्यांनी सांगतात, त्यांचा क्रम पश्चिम रेखांश, दक्षिण अक्षांश, पूर्व रेखांश, उत्तर अक्षांश असा असतो. वर उल्लेखिलेल्या हरिश्चंद्रगडाच्या चौकटीसाठी ७३.७०, १९.३३, ७३.९० आणि १९.४५ या संख्या स्वल्पविरामांनी जोडून, मध्ये जागा न सोडता लिहाव्या लागतात. टर्मिनलमध्ये अर्थातच हे अंकही रोमन असतात. चौकटीऐवजी जिल्ह्याच्या सीमेची बहुभुजाकृती असलेली फाइलही देता येते.

चौकटीच्या कडेवर काय करायचे हा या आज्ञेतील कळीचा प्रश्न आहे. माळशेज घाटाकडून येणारा रस्ता चौकटीत शिरतो तेव्हा त्याचे काही बिंदू आत व काही बाहेर असतात. ऑस्मियम यासाठी तीन पद्धती देते. सिम्पल या पद्धतीत केवळ आतले बिंदू ठेवले जातात. मूळ फाइल एकदाच वाचली जात असल्याने ती सर्वांत जलद आहे, पण कडेवरच्या रेषा अपुऱ्या राहतात. कम्प्लीट वेज ही मूळ निवड आहे. तिच्यात चौकटीला स्पर्श करणारी प्रत्येक रेषा तिच्या सर्व बिंदूंसह घेतली जाते व त्यासाठी फाइल दोनदा वाचावी लागते. स्मार्ट पद्धतीत फाइल तीनदा वाचून बहुभुजाकृती संबंधही पूर्ण केले जातात. धरणाचा जलाशय चौकटीच्या कडेवर असेल तर हा फरक पडद्यावर थेट दिसतो: संबंध अपुरा राहिला की जलाशयाचा आकार बंद होत नाही आणि निळ्या पाण्याच्या जागी कोरी जमीन उमटते. वाटाड्या नकाशासाठी स्मार्ट पद्धत निवडावी. तिला लागणारा जादा वेळ पश्चिम विभागाच्या फाइलवर फारसा जाणवत नाही.

टॅग्ज-फिल्टर या उपआज्ञेने हवे ते घटक निवडता येतात, उदाहरणार्थ फक्त पायवाटा, झरे व विहिरी. निवडलेल्या रेषांचे बिंदू ती आपोआप सोबत घेते. एक्सपोर्ट ही उपआज्ञा निकाल जिओजेसन स्वरूपात देते. क्यूजीआयएस हे मुक्त भौगोलिक सॉफ्टवेअर तो निकाल तर वाचतेच, पण पीबीएफ फाइलही थेट उघडते.

थोडक्या विदेसाठी ओव्हरपास

एखाद्या तालुक्यातील सर्व शाळा किंवा एका शहरातील सर्व रुग्णालये एवढेच हवे असेल तर पूर्ण विभागाची फाइल घेण्याची गरज नसते. रोलांड ओल्ब्रिख्ट यांनी विकसित केलेली ओव्हरपास ही सेवा स्वतःच्या प्रश्नभाषेत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून नेमकी तेवढीच विदा देते. हा प्रश्न एका फाइलमध्ये लिहून कर्लच्या साहाय्याने सर्व्हरकडे धाडता येतो.

येथे चौकटीचा क्रम ऑस्मियमच्या उलट आहे: दक्षिण, पश्चिम, उत्तर, पूर्व. हरिश्चंद्रगडाची वरील चौकट ऑस्मियमच्या क्रमाने ओव्हरपासला दिली, तर ती ७३ अंशांहून अधिक उत्तर अक्षांशावर, बॅरेंट्स समुद्रात बेअर बेटाच्या दक्षिणेस पडते. चौकट नियमाला धरून असल्यामुळे सर्व्हर चूक दाखवत नाही. तो प्रामाणिकपणे रिकामे उत्तर पाठवतो. नवखा वापरकर्ता मात्र त्यावरून या भागात नोंदीच नाहीत असा समज करून घेतो.

दुसरी नेहमीची चूक बिंदूंची आहे. रस्ते मागितले आणि त्यांचे बिंदू मागायचे राहिले, तर उत्तरात रस्त्यांची नावे येतात, आकार येत नाही.

मुख्य सार्वजनिक सर्व्हरच्या मार्गदर्शक सूचनेनुसार दिवसाला १०,००० प्रश्न व १ जीबी विदा यांच्या आत राहिल्यास इतरांना त्रास होत नाही असे मानले जाते. एका प्रश्नाला मुळात १८० सेकंदांची मर्यादा असते. नकाशा संपादनासाठी असलेल्या ओपनस्ट्रीटमॅपच्या मुख्य एपीआयवरूनही विदा मिळते, पण तेथे एका मागणीला ०.२५ चौरस अंश आणि ५०,००० बिंदू एवढीच मुभा आहे. तो मार्ग संपादकांसाठी राखलेला असल्याने उतरवण्याच्या कामी वापरू नये.

पीएमटाइल्स

ज्यांना मूळ नोंदी नकोत, केवळ दिसणारा नकाशा हवा आहे, त्यांच्यासाठी अलीकडच्या काळात पीएमटाइल्स हे स्वरूप पुढे आले आहे. ब्रँडन लिऊ यांच्या प्रोटोमॅप्स प्रकल्पातून ते निघाले. यात जगभरच्या टाइल एकाच मोठ्या फाइलमध्ये ठरावीक क्रमाने रचलेल्या असतात आणि कोणती टाइल कोठे आहे याची सूची त्याच फाइलमध्ये असते. या टाइल चित्रांच्या नसून रेषा व बिंदूंच्या असतात, त्यामुळे रंग व अक्षरे वापरणाऱ्याच्या संगणकावर ठरतात.

या स्वरूपाचे कमांड लाइन साधन आधी सूची वाचते आणि मग दूरच्या फाइलमधील हव्या त्या बाइटांचेच पट्टे मागवते. सर्व्हरला काहीही शोधावे वा काढावे लागत नाही, फाइलचा सांगितलेला भाग देणे एवढेच त्याचे काम. शंभर जीबीहून मोठ्या फाइलमधून एका तालुक्याचा तुकडा अशा रीतीने काही क्षणांत मिळतो. ड्राय-रन या पर्यायाने प्रत्यक्ष न उतरवता आकार किती होईल ते आधी पाहता येते. विदा मोजून वापरणाऱ्याला ही सोय फार मोलाची वाटते.

उपकरणांत भरणे

अँड्रॉइड व आयफोनवरील ओएसएमअँड आणि ऑरगॅनिक मॅप्स ही ॲप आपापले तयार नकाशे स्वतःच उतरवून घेतात. केवळ फोनवर नकाशा हवा असणाऱ्याला कमांड लाइनची गरज भासत नाही. ती भासते ती नकाशात स्वतःची भर घालायची असेल तेव्हा, किंवा उपकरण जुने असेल तेव्हा.

गार्मिनच्या उपकरणांसाठी एमकेजीमॅप हे साधन पीबीएफवरून नकाशा बनवते. प्रदेश मोठा असल्यास आधी स्प्लिटर या जोडसाधनाने त्याचे तुकडे करतात. नावे कोणत्या भाषेतील घ्यायची हे येथे ठरवता येते. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये मूळ नावाच्या टॅगखेरीज भाषावार नावांचे टॅग असतात; मराठीचा टॅग एमआर या भाषासंकेताने ओळखला जातो. नावांचा अग्रक्रम सांगताना मराठी टॅग आधी व मूळ नाव नंतर ठेवले, तर जेथे मराठी नोंद आहे तेथे मराठी नाव उमटते आणि अन्यत्र जे असेल ते. महाराष्ट्रातील मूळ नावे पुष्कळदा रोमन लिपीत असल्याने या एका पर्यायाने नकाशाचे रूप पालटते. मात्र उपकरणात देवनागरी अक्षरे दाखवण्याची क्षमता आहे याची आधी खात्री करावी लागते.

उंचीच्या समोच्च रेषा ओपनस्ट्रीटमॅपमध्ये नसतात. त्या बहुधा एसआरटीएम या मोहिमेच्या विदेवरून काढतात. फेब्रुवारी २०००मध्ये एंडेव्हर या अंतराळयानातून रडारने अकरा दिवसांत ही मोजणी झाली. तिच्या मोजबिंदूंत सुमारे ३० मीटरचे अंतर आहे. दख्खनच्या पठारावर तेवढे पुरते. कोकणकड्यासारख्या सरळ तुटलेल्या कड्यावर मात्र एका मोजबिंदूपासून दुसऱ्यापर्यंत शेकडो मीटरची उंची निसटते आणि नकाशावर कड्याऐवजी तीव्र उतार भासतो. शिवाय अशा ठिकाणी रडारच्या मूळ मोजणीत रिकाम्या जागाही राहिल्या होत्या. कड्याजवळच्या वाटेचा निर्णय या रेषांवरून घेणे धोक्याचे आहे.

विदा ताजी ठेवणे

उतरवलेली फाइल त्या क्षणापासून जुनी होऊ लागते. दर वेळी पूर्ण फाइल उतरवण्याऐवजी केवळ झालेले बदल आणण्याची व्यवस्था आहे. प्लॅनेटसाठी बदलांच्या फाइली दर मिनिटाला, तासाला व दिवसाला निघतात. जिओफाब्रिक आपल्या प्रत्येक प्रदेशासाठी दैनिक बदल देते. पायऑस्मियम-अप-टू-डेट हे साधन पीबीएफच्या शीर्षभागातून बदल कोठून मिळतील व कोणत्या क्षणापासून हवेत हे वाचते आणि फाइल अद्ययावत करते. स्वतः कापलेल्या छोट्या तुकड्यावर ही क्रिया थेट केल्यास पूर्ण प्रदेशातील बदललेले घटक त्यात शिरतात. यासाठी पश्चिम विभागाची पूर्ण फाइल ताजी करून तिच्यातून तुकडा पुन्हा कापणे हीच योग्य रीत आहे.

परवाना व भारतीय कायदा

ओपनस्ट्रीटमॅपची विदा १२ सप्टेंबर २०१२ पासून ओपन डेटाबेस परवान्याखाली आहे. त्यापूर्वी ती क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली होती. व्यापारी वापरासह कोणताही वापर करता येतो. ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदानकर्त्यांचा उल्लेख करणे बंधनकारक आहे, आणि विदेत भर घालून सुधारित विदासंच सार्वजनिक केल्यास तो त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. नकाशा ऑफलाइन आहे म्हणून या अटी सुटत नाहीत. छापील नकाशावरही उल्लेख हवाच.

भारतात प्रकाशन करताना आणखी एक बाब येते. वादग्रस्त सीमांच्या बाबतीत ओपनस्ट्रीटमॅप प्रत्यक्ष ताबा कोणाचा आहे त्याप्रमाणे रेषा दाखवते. त्यामुळे जम्मू-काश्मीर व लडाखच्या भागात त्या भारताच्या अधिकृत नकाशाशी जुळत नाहीत. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी विसंगत असा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे हा १९६१च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमात १९९० मध्ये घातलेल्या तरतुदीनुसार गुन्हा असून त्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. १५ फेब्रुवारी २०२१च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीयांसाठी नकाशाविदा गोळा करणे व वापरणे पुष्कळ खुले केले, परंतु सीमांच्या चित्रणाचा नियम कायम आहे. पाठ्यपुस्तक, अहवाल वा संकेतस्थळ यांसाठी देशाचा नकाशा करणारे म्हणून राष्ट्रीय सीमेचे घटक विदेतून गाळतात आणि सर्वेक्षण विभागाची सीमारेषा वापरतात. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये राष्ट्रीय सीमेला प्रशासकीय स्तर २ व राज्यसीमेला स्तर ४ असल्याने हे घटक ओळखणे अवघड नाही.

मर्यादा

विदेची दाटी सर्वत्र सारखी नाही. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत गल्लीबोळ व दुकाने नोंदलेली आढळतात, तर दुर्गम वाड्यांपर्यंतची वाट अनेकदा नसते. गडांवरच्या लोकप्रिय वाटा गिर्यारोहकांच्या जीपीएस नोंदींमुळे बऱ्या स्थितीत असतात. पाण्याच्या टाक्यांचे तसे नाही: टाके नोंदलेले असले, तरी त्यातले पाणी पिण्याजोगे आहे का आणि ते मार्चनंतर टिकते का, हे सांगणारा टॅग क्वचितच भरलेला असतो. तो टॅग भरण्यासाठी कोणीतरी उन्हाळ्यात त्या टाक्यापर्यंत जाऊन यावे लागते. फोनवर ऑफलाइन नोंदवलेली अशी टिपणे जोडणी मिळाल्यावर ओपनस्ट्रीटमॅपवर चढवता येतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निघणाऱ्या पश्चिम विभागाच्या फाइलमध्ये ती सर्वांसाठी आलेली असतात.